पटकीचे बारसे

आल्याचा रस, अर्धे लिंबू आणि चिमूटभर सैंधव एवढ्या सामग्रीवर जिचा निकाल लागतो, ती मोडशी मराठी घरांत कोणी फारशी मनावर घेत नाही. लग्नसराईत लागोपाठ दोन पंगती झडल्या, किंवा उपास सोडताना हात आवरला नाही, म्हणजे ती होते. आणि एक लंघन घडले म्हणजे जाते. उलट अठराव्या शतकातील फ्रेंच प्रवाशांच्या आणि मद्रासकडील इंग्रज शस्त्रवैद्यांच्या लिखाणात हिंदुस्थानातील एका भयंकर रोगाचा उल्लेख ‘मोर-द-शियाँ’ या नावाने येतो. फ्रेंच भाषेत याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होतो. आणि ज्याने तो रोग डोळ्यांनी पाहिला असेल त्याला हे नाव इतके यथार्थ वाटावे की, ते कोठून आले याची चौकशी करण्याची गरजच भासू नये. वस्तुतः त्या नावात फ्रेंच काही नाही आणि कुत्रेही नाही. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात आणि पुढे गोव्याचे मोन्सेन्योर दाल्गादो यांनी आपल्या शब्दसंग्रहात दाखविल्याप्रमाणे, ही आपली कोकणी-मराठी मोडशीच होय. पोर्तुगीजांच्या तोंडी तिचे ‘मोर्देशिं’ झाले, लिन्स्कोटेन, पिरार द लाव्हाल, तेव्हनो अशा प्रवाशांनी आपापल्या जिभेच्या वळणाप्रमाणे तिला आणखी पिळले, आणि अखेरीस एका फ्रेंच कानाला त्या निरर्थक ध्वनीत आपल्या भाषेतले एक अर्थपूर्ण मरण ऐकू आले.

ज्या धातूपासून हा शब्द निघाला तो ‘मोडणे’ हा धातू मात्र साधासुधा नव्हे. अंग मोडून येणे ही त्याची सौम्य छटा. माणूस उभ्याचा मोडून पडणे ही त्याची पूर्ण छटा. गास्पार कोर्रैया या पोर्तुगीज बखरकाराने १५४३ सालच्या गोव्यातील साथीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते या दुसऱ्या छटेचे आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ही साथ ‘हिवाळ्यात’ आली; परंतु गोव्यातील पोर्तुगीज पावसाळ्यालाच हिवाळा म्हणत, हे लक्षात ठेवले म्हणजे ऋतूचा उलगडा होतो. अंगावर पिणाऱ्या बालकापासून ऐंशी वर्षांच्या वृद्धापर्यंत कोणी सुटले नाही. पोटात जणू विष भिनल्यासारखी ओकारी, न शमणारी तहान, पायांच्या तळव्यांपर्यंत पोहोचणारे पेटके, निस्तेज झालेले डोळे, काळी पडून सुरकुतलेली नखे. मृतांची संख्या इतकी वाढली की, गव्हर्नर मार्तिम अफोन्सु द सोझा याने चर्चच्या घंटा वाजविण्यास मनाई केली. त्याने एका मृताचे पोट उघडवून पाहिले, तेव्हा करपलेल्या चामड्यासारखे आकसलेले जठर आढळले आणि त्यापलीकडे काही कळले नाही. या आजारावर गोव्यात पुढे रूढ झालेला उपाय सतराव्या शतकातील प्रवाशांनी नोंदला आहे: तापविलेल्या लोखंडाने रोग्याच्या टाचेला डाग द्यायचा, आणि तो विव्हळेपर्यंत सळई काढायची नाही.

याच मार्तिम अफोन्सुबरोबर १५३४ साली त्याचा वैद्य म्हणून गार्सिया द ओर्ता हिंदुस्थानात आला होता. तो गोव्यात स्थायिक झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य या नात्याने त्याचे जाणे-येणे असे, आणि पुढे मुंबई बेट त्याच्याकडे इजाऱ्याने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात औषधी वनस्पतींविषयीचे संवाद आहेत. त्यांपैकी एका संवादात वनस्पतींची चर्चा चालू असतानाच या रोगाच्या रोग्याकडून बोलावणे येते आणि ग्रंथकार सहजगत्या रोगाच्या नावांकडे वळतो. आम्हां युरोपियनांत ही ‘कोलेरिका पास्यो’, हिंदी लोक हिला ‘मोर्शी’ म्हणतात, आम्ही ते बिघडवून ‘मोर्देशी’ करतो, आणि अरबांत ही ‘हैजा’, असे तो सांगतो; शिवाय राझीच्या छापील लॅटिन ग्रंथात हा अरबी शब्द अपभ्रष्ट झाला आहे, हेही नमूद करण्यास विसरत नाही. दहा तासांत गेलेला रोगी आपण पाहिला आहे, असे लिहिणाऱ्या वैद्याने पाठभेदाचीही दखल घ्यावी, यात मला त्याचे खरे मोठेपण दिसते. चार भाषांतील चार नावांखाली एकच वस्तू आहे असे त्याने गृहीत धरले, आणि त्यांपैकी कोणतेही नाव त्याला परके किंवा हीन वाटले नाही. (मरणानंतर बारा वर्षांनी, तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता या आरोपावरून, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. नावांवरून माणसांची वर्गवारी करण्याचे काम त्या काळी दुसऱ्या एका खात्याकडे होते, एवढेच.)

ओर्ताने जोडलेली ही नावे आणि त्याला ठाऊक नसलेली दुसरी काही शेजारी शेजारी ठेवली, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्राचीनांनी हे नाव ठेवताना केवळ शरीराकडे पाहिले होते. वाजसनेयी संहितेत आलेला ‘विषूचिका’ हा शब्द ‘दोन्ही दिशांना जाणारी’ या अर्थाचा असावा, असे वेदज्ञ म्हणतात. म्हणजे वर वांती आणि खाली रेच. बंगाली ‘ओलाउठा’ या शब्दाचीही घडण तीच, ‘ओला’ म्हणजे उतरणे आणि ‘उठा’ म्हणजे चढणे. मराठीतील ‘ढाळवांती’चीही तीच. चिनी वैद्यकातील ‘हुओ-लुआन’ म्हणजे अकस्मात उडालेली गडबड. ग्रीकांना पित्त बाहेर पडताना दिसले म्हणून, पित्तवाचक ‘खोले’वरून, त्यांनी ‘खोलेरा’ म्हटले. सुश्रुताच्या काळापर्यंत ‘विषूचिके’तील ‘ष’चा ‘स’ झाला, शब्दात ‘सूची’ म्हणजे सुई दिसू लागली, आणि वायू गात्रांना सुयांसारखा टोचतो म्हणून ही विसूचिका, अशी नवी उपपत्ती रूढ झाली. उपपत्ती शब्दशास्त्रदृष्ट्या डळमळीत खरी, परंतु पेटक्यांच्या वेदनेचे तिने केलेले वर्णन इतके चपखल की मूळ अर्थ मागे पडला. योगवासिष्ठातील कर्कटी राक्षसीची कथा याच सुईवर उभी आहे. अवघा जंबुद्वीप गिळण्याच्या आशेने ती तप करते, ब्रह्मदेवाकडून सुईचे रूप मागून घेते, विसूचिका होऊन माणसांच्या देहांत शिरते. आणि मग, एवढे विशाल पोट गमावून आपण सुईच्या अग्राएवढे झालो, आता खाणार किती, या विचाराने पस्तावते. रोगाच्या मनात डोकावून त्याचा पश्चात्ताप लिहिणारा हा ग्रंथकार मला ओर्ताइतकाच आवडतो.

या सर्व शब्दांत साथ कोठेच नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. वैद्यांच्या दृष्टीने हा एकेका पोटाचा, अजीर्णाचा, आमदोषाचा विकार होता. एकाच आळीत एका रात्रीत सात तिरड्या निघाल्या म्हणजे कोणत्याही शहाण्या माणसाला अजीर्णाची उपपत्ती पुरी पडत नाही, आणि तेथे वैद्यांची भाषा संपून गावाची भाषा सुरू होते. जरीमरी, महामारी, पटकी, वाखा: या नावांत शरीराचे वर्णन नाही, येणाऱ्याची चाहूल आहे. मरी ‘येते’, वाखा ‘पडतो’. कोणी तरी बाहेरून आले आहे आणि कोणाला तरी उचलून नेणार आहे, हा त्या क्रियापदांचा भाव. बंगालात ओलाउठेची ओलाबीबी झाली आणि हिंदू-मुसलमान दोघेही तिला भजू लागले. आपल्याकडे मरीआई झाली. मुंबईत कुर्ल्याजवळची एक वस्ती आजही जरीमरी म्हणूनच ओळखली जाते, आणि तेथे राहणाऱ्यांना आपण कोणाच्या नावाच्या गावात राहतो याची आठवणही नसते.

मरीआईचा गाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना या कल्पनेची पूर्ण मांडणी समजेल. गावचा सुतार लहानसा लाकडी गाडा करतो. त्यात देवीला बसवून हिरवी साडी-चोळी, बांगड्या, हळदकुंकू, लिंबे आणि दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. हलगीच्या तालावर सारे गाव तो ओढीत शिवेपर्यंत नेते, शीव ओलांडून पलीकडे ठेवते, आणि मागे न पाहता परतते. पलीकडचे गावही काही कमी नाही. ते आपला नारळ फोडून तोच गाडा पुढच्या शिवेपार करते. देवीचा असा यथासांग सत्कार आणि अशी यथासांग हकालपट्टी एकाच विधीत बसविणाऱ्यांना अडाणी म्हणण्याची चाल इंग्रजी अमलात पडली. प्रस्तुत लेखकाला मात्र पुढचा सारा इतिहास वाचताना, या गाड्याची चाके युरोपातही फिरत होती असे वारंवार वाटले.

१८१७ च्या ऑगस्टमध्ये बंगालातील जेसोर येथे ही साथ उद्भवली, तेव्हा तेथील शस्त्रवैद्य रॉबर्ट टायटलर याने नव्या तांदुळाला दोष देऊन रोगाचे नाव ‘मॉर्बस ओरायझियस’, म्हणजे तांदुळाचा रोग, असे ठेवले. ते टिकले नाही. साथ नोव्हेंबरात बुंदेलखंडात पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. १८१८ साली, म्हणजे ज्या वर्षी पेशवाई बुडाली त्याच वर्षी, लष्कराच्या आणि बाजारबुणग्यांच्या वाटांनी दख्खनेत उतरली आणि पावसाळ्यात पुण्याहून पनवेलमार्गे मुंबईस पोहोचली. कंपनी सरकारच्या वैद्यक मंडळांपुढे आता प्रश्न पडला की, दप्तरात या रोगाची नोंद कोणत्या नावाने करावी. त्यांच्यापाशी ‘कॉलरा मॉर्बस’ हा शब्द होता. परंतु त्याचा अर्थ फारच किरकोळ. १६६९ साली लंडनमध्ये सिडनहॅमने वर्णिलेला हा आजार उन्हाळ्याच्या शेवटी, फळफळावळ फार खाल्ल्याने होणारा आणि बहुधा आपोआप बरा होणारा, म्हणजे आज ज्याला आपण मोडशी म्हणतो जवळजवळ तोच होता. त्या सौम्य शब्दाच्या गळ्यात हे मरण बांधावे की नाही, हा रोग पूर्वीचाच आहे की नवा, यावर मंडळांत आणि मासिकांत वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर शब्द तोच ठेवून त्याला विशेषण जोडण्याची तोड निघाली. प्रथम ‘पेटक्यांचा’ कॉलरा. मग साथ १८३१-३२ मध्ये इंग्लंड-फ्रान्सला पोहोचल्यावर ‘आशियाई’ कॉलरा. आणि युरोपात पूर्वापार असलेला तो फळे खाण्याचा आजार उरला, त्याला वैद्यांनी लॅटिनमध्ये नाव दिले ‘कॉलरा नोस्त्रास’, म्हणजे ‘आमचा कॉलरा’.

आमचा आणि त्यांचा! एका विशेषणाने शीव आखली गेली, आणि गाडा तिच्या पलीकडे उभा राहिला. १८६५ साली हजच्या यात्रेत साथ फुटली, तेथून सुएझ-अलेक्झांड्रियामार्गे युरोपभर गेली, तेव्हा पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने या रोगाचे माहेर गंगेचे खोरे आहे असा निर्णय दिला. निर्णय शास्त्रीय दृष्टीने अगदीच चुकीचा नव्हता. परंतु त्यापाठोपाठ हरिद्वार, जगन्नाथपुरी आणि पंढरपूर ही नावे आरोग्य खात्याच्या अहवालांत ज्या सुरात येऊ लागली, तो सूर शास्त्राचा नव्हता. लंडनमध्ये याच्या पूर्वीच, १८५४ साली, जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी पिणारे कोण आणि न पिणारे कोण याची घरोघर शहानिशा करून हे मरण पाण्यातून येते असे दाखविले होते. पाण्याला ‘आशियाई’ म्हणण्याची सोय नसल्यामुळे की काय, त्याचे म्हणणे मान्य होण्यास त्याचे आयुष्य पुरले नाही.

रॉबर्ट कॉख १८८३ मध्ये इजिप्तमार्गे कलकत्त्यास आला आणि मृतांच्या आतड्यांत व तेथील एका तळ्याच्या पाण्यात त्याला तोच वाकडा जंतू सापडला. त्याच्या वक्र आकारावरून कॉखने त्याला जर्मन भाषेत ‘कॉमा बॅसिलस’ म्हटले, म्हणजे आपल्या भाषेत स्वल्पविराम. हा स्वल्पविराम मराठीत मेजर कँडीने आणून रुळविला त्याला तेव्हा उणीपुरी चाळीस वर्षेही झाली नव्हती, हा केवळ योगायोग. हजारो वर्षे शरीर, देवता आणि देश यांच्यावरून पडलेली नावे आता एका चिमुकल्या चिन्हावर येऊन ठेपली. तरीही इंग्रज सरकारने हा शोध तातडीने नाकारला. खास नेमलेल्या कमिशनने त्याविरुद्ध अहवाल दिला, कारण रोग जंतूने पसरतो असे मान्य करणे म्हणजे हिंदुस्थानातून सुएझमार्गे जाणाऱ्या जहाजांवर क्वारंटाईन मान्य करणे, आणि त्यात व्यापाराची नुकसानी होती. म्युनिकच्या पेटेनकोफरने तर १८९२ साली कॉखच्या जंतूंचा अर्क एखाद्या सभ्य गृहस्थाच्या शांतपणाने प्राशन केला आणि थोड्याशा हगवणीवर तो निभावून गेला. याच वर्षी हाफकिन याने पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली. इटलीतील पाचिनी याने तो जंतू कॉखच्या तीस वर्षे आधी, १८५४ मध्येच, पाहून ठेवला होता आणि कोणी लक्ष दिले नव्हते. १९६५ साली त्याचे नाव जंतूच्या अधिकृत नामाला जोडून शास्त्राने ती बाकी चुकती केली.

मुंबई इलाख्यातील एखाद्या खेड्यात मात्र नाव ठेवण्याचा खरा अधिकार कॉखकडे नव्हता, कोतवालाकडे होता. तो घरोघर फिरून मरणाची बातमी आणी, आणि पाटील किंवा कारकून ती रजिस्टरात चढवी. कारणांची खाती सरकारने छापून दिलेली असत: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा, आणि ‘इतर’. म्हातारा रात्री चार वेळा परसाकडे गेला आणि पहाटे आटोपला. आता हे पटकीच्या खात्यात घालावे की हगवणीच्या? पटकी लिहिले की वर्दी मामलेदाराकडे जाणार, त्याच्यामागून डॉक्टर येणार, विहिरीत लाल औषध पडून आठ दिवस पाण्याला रंग चढणार, जत्रा बंद होणार, आणि आषाढ असला तर टोचून घेतल्याशिवाय वारीची वाट मोकळी होणार नाही. हगवण लिहिली तर यातले काहीच नाही. ती दौत-लेखणी हातात असलेल्या इसमाने काय लिहिले असेल, याचा अंदाज बांधण्यास फारशा विद्वत्तेची आवश्यकता नाही. शासकीय आकडे वाचताना मी नेहमी त्या कारकुनाचा हात स्मरतो.

तो कारकून एकटा नव्हता. सिनाईच्या किनाऱ्यावर तूर येथे हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंसाठी क्वारंटाईनचे ठाणे होते. १९०५ साली तेथे, कॉलऱ्याची लक्षणे नसलेल्या काही मृत यात्रेकरूंच्या आतड्यांत, कॉखच्या जंतूचा एक भाऊबंद सापडला. ठाण्याच्या नावावरून त्याला ‘एल तोर’ म्हणू लागले. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला ‘कॉलरा’ म्हणावयाचे नाही, ‘पॅराकॉलरा’ म्हणावयाचे, असे ठरले. १९६१ साली इंडोनेशियात मकास्सरकडे याच जंतूने साथ उठविली आणि माणसे नेहमीच्याच रीतीने मरू लागली. परंतु आंतरराष्ट्रीय नियमांत वर्दी देण्याचे बंधन कॉलऱ्यापुरते होते, पॅराकॉलऱ्यापुरते नव्हते. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य सभेने ठराव करून एल तोरला कॉलऱ्याच्या व्याख्येत घेतले. एका उपसर्गाने मधल्या काळात किती बंदरांचा व्यापार सुरळीत चालविला असेल! ती साथ सातवी जागतिक साथ म्हणून गणली गेली आणि अद्याप संपलेली नाही.

शाप देणाऱ्या बायकांनी मात्र या रोगाला कधी उपसर्ग लावला नाही. ‘तुला पटकी येवो’, ‘मरीआईनं उचललं तुला’ ही वाक्ये आपल्याकडे नळावर आणि बांधावर सर्रास ऐकू येत. पोलंडात आजही माणसाला ठेच लागली की तोंडातून ‘होलेरा’ निघते, आणि डच भाषेतील एक सर्वपरिचित शिवी कॉलऱ्याच्या नावाचाच अपभ्रंश आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांनी तर पित्ताच्या त्याच ग्रीक शब्दातून रोग आणि राग दोन्ही घडविले. स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी ‘कोलेरा’ म्हणजे रोग आणि स्त्रीलिंगी ‘कोलेरा’ म्हणजे संताप. शिवीत रोगाचे नाव यावयाचे तर ते उच्चारताच अंगावर काटा उभा राहिला पाहिजे.

हल्ली वर्तमानपत्रांत मृगाच्या पावसानंतर एक बातमी ठरल्याप्रमाणे येते. गावाची नळयोजना गटाराशेजारून गेलेली, नळी कोठे तरी फुटलेली, शेपन्नास माणसे ग्रामीण रुग्णालयात, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या. आणि रोगाचे नाव ‘गॅस्ट्रो’. पुष्कळदा तेही नाही, ‘गॅस्ट्रोसदृश आजार’. पाण्याचे नमुने तपासणीस पाठविलेले असतात, अहवाल ‘अप्राप्त’ असतो. जगाच्या दुसऱ्या टोकांच्या सरकारी कागदांतही, मासळीच्या निर्यातीवर आणि प्रवाशांच्या ओघावर गंडांतर येऊ नये म्हणून, ‘तीव्र पाणीदार अतिसार’ असा शब्दप्रयोग बराच काळ रुळलेला आहे. जंतूचे कूळ-शील आता रेणूंपर्यंत ठाऊक आहे. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये त्याचे विष हुडकले, आणि १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने माणसे वाचवून दाखविली. आणि तरीही दप्तरातील नाव ऋषींच्या काळच्या पद्धतीने, वर काय आले आणि खाली काय गेले एवढ्यावरूनच पुन्हा पडते. फरक इतकाच की, विषूचिका म्हणणाऱ्याला त्यापलीकडचे काही माहीत नव्हते. ‘गॅस्ट्रो’च्या नावाने मात्र अजून कोणी कोणाला शाप दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.